बारकी गोळी

गुरुवारी दवाखाना सातलाच बंद.
दारावर पाटी: आज डॉक्टर शाळेला गेलेत.
ही चेष्टा कंपाउंडर शामू भोपळेची,
मी पुसायला सांगितली नाही.

राजारामपुरीत असोसिएशनचा हॉल,
प्रोजेक्टरच्या उजेडात आम्ही वीस-बावीस टकली,
मागच्या टेबलावर झाकलेली कांदाभजी.
पुण्याहून आलेली हृदयाची डॉक्टर, माझ्या लेकीच्या वयाची,
एक रेघ वर नेते, एक खाली,
आणि त्या दोन रेघांच्या फटीत
मला आप्पासो तोडकर उभे दिसतात.

सत्तरीच्या पुढं, अॅटॅक आलेला नाही, स्टेंट नाही,
तर रोजच्या अ‍ॅस्पिरिनचा फायदा थोडा, रक्तस्राव जास्त.
मी वहीचं मागचं पान उघडलं.
तोडकर. सुतारांची हौसाबाई. दूधकट्ट्यावरचे गवळी.
संकपाळ मास्तर... नाही, मास्तरांना स्टेंट आहे, त्यांची चालू राहील.
अकरा नावं झाली.
भजी गार झाली.

कॉलेजातलं जाडं पुस्तक अजून माझ्या टेबलावर आहे,
त्यावर बीपीचं मशीन ठेवतो, उंची बरोबर येते.
आत कुठंतरी एक पान आहे,
साप चावला की वर पट्टी आवळून बांधा.
मी बांधल्यात,
अठ्ठ्याहत्तर साली, पन्हाळ्याच्या पायथ्याला,
सहा. सात असतील.
त्या पायांचं पुढं काय झालं
मी विचारायला गेलो नाही.

शनिवारी तोडकर आले.
उद्यमनगरात बत्तीस वर्षं मोल्डर,
तळहातावर डाग, वितळल्या लोखंडाचे,
टोपी मांडीवर, पिशवीत महिन्याची औषधं.
ही बंद करू या, आप्पासो.
"कुठली?"
बारकी.
"बारकी? रक्त पातळ ऱ्हायची?"
हां.
"म्हंजे वीस वर्सं उगंच गिळली व्हय?"

उगंच नाही, तेव्हा तसंच होतं, मी म्हणालो,
आणि वाक्य माझ्याच कानाला लंगडं लागलं.
खुर्ची पुढं ओढली.
तेव्हा जेवढं कळत होतं तेवढ्यावर दिली, आप्पासो.
आता जास्त कळलंय.
परवा कळलंय.
खरं सांगायचं तर जगाला कळून चार वर्षं झाली,
मला परवा पोचलं.

पंखा फिरत राहिला.
बाहेर शामू कुणाला तरी सांगत होता,
जेवल्यावर, जेवल्यावर, आधी नव्हं.
तोडकरांनी टोपी उलटी केली, सुलटी केली.
"ढलाईत भोक निघालं," ते म्हणाले,
"की माल परत भट्टीत घालायचा असतोय.
त्यात लाज न्हाय."
मी श्वास सोडला.
"पर चार वर्सं
भोक बघितलंच न्हाय कुणी?"

याला उत्तर कुठल्या पुस्तकात आहे?
मी चिठ्ठीवर एक ओळ खोडली,
खाली तारीख घातली, सही केली,
शौच काळं झालं, पोटात जळजळलं तर
रात्री-अपरात्री या म्हणालो.
ते उठले. दारातून मागं वळले.
"आन् ही उरल्याली पाकिटं?
दुकानदार माघारी घेतोय का बघा की."
बघतो म्हणालो.
हौसाबाई अजून यायची होती.
गवळ्यांना मीच जाऊन सांगणार होतो, कट्ट्यावर,
म्हशींच्या गर्दीत.

रात्री घरी आमटी-भात.
ताटाशेजारी पाण्याचा तांब्या,
तांब्याशेजारी, झाकणात,
कुमुदनं काढून ठेवलेली पांढरी, बारकी.
बारा वर्षं ती न चुकता ठेवते,
मी न बघता घेतो.
"काय झालं?" तिनं विचारलं. "गार होतंय."
मी वही मागितली.
जेवताना वही?
मागचं पान काढलं,
अकरा नावांच्या खाली
पेन्सिलनं, हात खरकटा असतानाच,
बारावं लिहिलं.