ऐनवेळचा विषय

सभा तीनला होती. सव्वातीनला
खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मी खालून
जन्म-मृत्यू विभागातल्या चार वर आणल्या.
एकीचा पाय लटपटतो. तिच्यावर
दर वेळी नागरिकांपैकीच कुणीतरी बसतं.
ठरवून नाही. होतं तसं.

विषयपत्रिकेवर: नंदिनी नदी. गाळ, काठ, दिवे.
घरी आम्ही अजून नासर्डीच म्हणतो.
नाव बदललं तेव्हा पाटी लागली,
पाण्याला कुणी कळवलं नाही.

पाहुणी क्रोएशियाची. वेस्ना.
उंच, पिकल्या केसांची, गुडघ्याला पट्टा.
चहात दूध पाहून क्षणभर थांबली,
मग सगळा प्यायली.
दुभाषी हेमांगी दातीर, नदी समितीची सचिव,
एरवी सिडकोत गणिताच्या शिकवण्या घेते.

वेस्ना म्हणाली, आमचा देश
दहा वर्षं युरोपच्या दाराशी उभा होता.
पस्तीस प्रकरणं होती, एकेक मिटवायचं.
‘प्रकरणं’ ऐकताच
खैरनारसाहेबांनी मोबाइलवरून मान वर केली.
आमच्याकडे प्रकरण म्हणजे दोरा बांधलेलं,
कुणाला तरी भोवणारं.
‘तसली नव्हे,’ हेमांगी घाईनं म्हणाली,
‘पुस्तकात असतात तसली.’
साहेबांची मान खाली.

एक प्रकरण पाण्याचं होतं.
मंत्रालयानं आम्हालाही बोलावलं,
मी तेव्हा नदीतले मासे मोजायचे.
पहिल्या दिवशी भिंतीलगत बसवलं.
आम्ही बोललो, त्यांनी लिहून घेतलं,
मसुद्यात त्यातलं अक्षर नव्हतं.
दुसऱ्या खेपेला मी आकडे नेले.
ब्रसेल्सला आकडे हवे होते
आणि त्यांच्याकडे नव्हते.
त्या दिवशी माझी खुर्ची टेबलापाशी आली.
प्रेमानं नाही हं. अडलं होतं त्यांचं.
अडल्यावरही बरं काम होतं.

आणि मग? कुणीतरी विचारलं.
मग दार उघडलं, आम्ही आत गेलो,
आणि खुर्च्या हळूहळू पुन्हा भिंतीला लागल्या.

हे हेमांगीनं जरा हळू सांगितलं.
पंख्याचा आवाज मोठा वाटला.

‘आता मासे किती?’
हे विचारलं मेहरुन्निसा पिंजारींनी,
लटपटत्या खुर्चीवरून.
नासर्डी पुलापाशी त्यांचं गाद्यांचं दुकान आहे.
वेस्ना हसली. पट्ट्यावर हात ठेवला.
‘मी आता पाण्यात उतरत नाही.
दुसरं कुणी मोजत असेल तर मला माहीत नाही.’

तेव्हा बाईंनी पिशवीतून वही काढली.
दोनशे पानी, कव्हर फाटलेलं.
चार वर्षं, रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी.
सोमवार: चहाच्या चोथ्यासारखं, वास नाही.
बुधवार: फेस, पायरीपर्यंत.
शनिवार: निळं. कुणीतरी नीळ सांडल्यागत.
रविवार: बरं होतं. एक बगळा आला.

खैरनारसाहेबांनी पानं उलटली.
पुढं गेले, मागं आले.
बगळ्यापाशी थांबले.
‘आमच्याकडे हे नाही,’ म्हणाले.
सतरा वर्षांच्या नोकरीत
साहेबांच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.
मग माझ्याकडे बघून, ‘झेरॉक्स काढा. सगळ्याची.’

आमचं मशिन बंद होतं.
मी रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात गेलो,
पोरगा प्रत्येक पान सपाट करताना
वाचायला थांबत होता.
परत आलो तेव्हा साहेबांनी आपली खुर्ची
बाईंच्या शेजारी ओढली होती,
आणि दोघं निळ्या शनिवारांची
वर्षवार यादी करत होते.

इतिवृत्तात मी लिहिलं:
ऐनवेळच्या विषयात एका वहीवर चर्चा झाली.
सभागृहाने नोंद घेतली.

झेरॉक्सचे एकशे चौऱ्याऐंशी रुपये.
व्हाउचर लेखा विभागातून परत आलं,
शेरा: सदर खर्च कोणाचा?
मनपाचा की समितीचा?
मी लिहून पाठवलं, दोघांचा.
आठ दिवसांनी पुन्हा आलं, हिरव्या शाईत:
असे लेखाशीर्ष उपलब्ध नाही.

पैसे अजून माझेच गेलेत.
पावती ठेवली आहे.