चोवीस महिन्यांची बाटली

लार्चची पानं पिवळी पडून गळायला लागली
की माझ्या शेडपुढे रांग लागते.
गवत कापायचे ट्रॅक्टर, करवती, पाचोळा उडवणारे पंखे,
पिकअपच्या पाठीवर दोरांनी जखडलेले.
मालक बाजूला उभे, हात खिशात.
"विशेष काही नाही, रायली, जरा खोकतोय."
मी मान डोलावते आणि बॉनेट उघडते.

सालोनेन मास्तरांच्या एअर फिल्टरमध्ये
उंदरीण बाळंत होऊन गेलीय.
पोटमाळ्यावरचा गुलाबी कापूस, भोपळ्याच्या बिया,
आणि कुरतडलेला एक पेपर:
गणितात कुणाला तरी शून्य.
मास्तर म्हणतात, तरीच सापडत नव्हता.

डार्लाच्या इंजिनातलं तेल डांबरासारखं.
दोन वर्षं कुणी हात लावलेला नाही,
म्हणजे तिचा नवरा डुलुथला निघून गेला तेव्हापासून.
मी तेल बदललं. पात्याला धार लावली.
बर्फ फेकायच्या यंत्राच्या दोन पिना जास्तीच्या दिल्या
आणि त्या कशा बदलायच्या ते दाखवलं.
दुसऱ्यांदा तिनं स्वतः केलं.

सगळ्यांत शेवटी वेइको टर्वो.
चार मैल रस्त्याच्या कडेकडेनं
ट्रॅक्टरवर बसूनच आला, चालत्या माणसाच्या वेगानं.
मागे पाच गाड्या. हॉर्न कुणीच वाजवला नाही.
लाल रंग उडून विटकरी झालेला,
सीटला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.

"गुरुवारी मुलगी येतेय. टूसॉनला नेणार मला.
तिकडे अंगणात गवत नसतं म्हणे.
खडी असते. रंगीत."
"मग विकायचाय का?"
"विकायचा कशाला? थंडीसाठी तयार कर."

तर केला.
गरम असतानाच तेल काढलं.
डेकच्या पोटाखालचं वाळलेलं हिरवं
पत्र्याच्या पट्टीनं खरवडलं;
अख्खा उन्हाळा खपलीसारखा सुटून
पायाशी पडला, अजून वास होता त्याला.
प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं,
हातानं चाक फिरवलं, एकदा, दोनदा.
बॉनेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या तारखा,
एकाखाली एक, निम्म्या माझ्या बापाच्या अक्षरात:
"आठ नोव्हेंबर. उशीर झाला. वेइकोचा दोष."

पेट्रोलमध्ये टाकायचं औषध मी हातात घेतलं.
"किती दिवस टिकतं ते?"
"चोवीस महिने, असं लिहिलंय."
त्याचे ओठ हलले. हिशेब करत असावा.
सत्त्याऐंशीत दोन मिळवायला
माणसाला एवढा वेळ लागत नाही.
"बरोबर मापानं टाक," म्हणाला, "कमी नको."

पाच मिनिटं चालू ठेवला, औषध सगळीकडे पोचावं म्हणून.
मग कॉक बंद केला.
आता फक्त नळीत उरलंय तेवढं.
आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो.
इंजिन चालूच. चालूच.
एकदा अडखळलं. "आहे अजून," तो म्हणाला.
परत अडखळलं. "आहे."
तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही.
सरोवरावरून वारा येत होता, तेवढाच आवाज.

सायलेन्सरच्या तोंडात तारेचा बोळा कोंबला, उंदरांसाठी,
आणि स्टिअरिंगला लाल चिंधी बांधली,
वसंतात जो कुणी चावी फिरवेल
त्यानं आधी बोळा काढावा म्हणून.
वेइकोनं पेन्सिल मागितली. तारीख घातली.
मी त्याला घरी सोडून आले.

बॅटरी माझ्या तळघरात आहे, फळीवर, बटाट्यांशेजारी.
महिन्यातून एकदा लाल चिमटा लालला,
काळा काळ्याला.
खिडकी बर्फानं अर्धी बुजलेली असते
आणि चार्जरवर एवढासा हिरवा दिवा.

जानेवारीत टूसॉनहून चेक आला.
रकमेत एक आकडा चुकलेला, माझ्या फायद्याचा.
खालच्या रेघेवर थरथरत्या अक्षरात:
"पट्टा सैल केला होतास ना? ताणून ठेवू नकोस."

केला होता. तरी कोट चढवला,
फावडं घेतलं, शेडपर्यंत वाट काढली
आणि जाऊन बघून आले.