हिंचका

बाबांनी एकतीस वर्षं बाटल्या पाहिल्या.
गोरव्याच्या काचकारखान्यात, तपासणीच्या पट्ट्यापाशी,
पांढऱ्या उजेडासमोरून तपकिरी बाटल्या सरकत,
मिनिटाला ऐंशी, भोंगा होईपर्यंत.
मान तिरकी, बुडबुडा, खडा, चीर,
दिसली की उचलायची आणि मागच्या पिंपात.
फुटल्याचा आवाज त्यांना पुढे ऐकूच येईना.

सगळ्यात वाईट हिंचका, ते सांगत.
बाटलीच्या आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
केसाएवढा काचेचा तंतू.
बाहेरून बाटली चोख.
भरताना तो तुटतो
आणि परमुलखात कुणाच्या तरी घशाखाली जातो.
"असे चौदा हजार पकडले मी."
"मोजले कोणी?" आई आतून विचारायची.

त्या बाटल्यांत पुढे काय भरतात ते सगळ्यांना ठाऊक होतं.
बडोद्यातून रिकामी निघायला बाटलीला काही लागत नसे,
भरून परत यायची तर परवाना.
बाबांना वासही माहीत नव्हता.

निवृत्त झाले आणि झोप गेली.
डॉक्टर अमीनांनी चिठ्ठी लिहिली,
सरकारने छापील कागदावर लिहिलं: प्रकृतीच्या कारणास्तव.
आई म्हणाली, सासरेबुवा असते तर
प्रकृतीचं कारण त्यांनी काठीने विचारलं असतं.

या दिवाळीत आम्ही नाशिकहून आलो.
उपेंद्रने पाहुण्याचा परवाना काढला,
रांगेत दोन तास उभा राहून चार कॅन आणले,
ते बाबांच्या दोन बाटल्यांशेजारी फ्रिजमध्ये,
कोथिंबिरीच्या जुडीमागे.

मग जुंपली.
कॅनच खरा, उपेंद्र म्हणाला,
उजेड शिरत नाही, गार लवकर होतो,
पडला तर पोचा येतो, पाय कापत नाही.
बाबा म्हणाले, उजेडाचं मला सांगू नका जावईबापू,
म्हणून तर काच तपकिरी केली.
हिरव्या बाटलीतली ठेवा उन्हात तासभर,
मग नाक धरून प्या.
आणि डब्याला पत्र्याची चव लागते.
आतून लेप असतो, बाबा.
लेपाची लागते मग.

एवढं होऊन दोघांनी ओतली ती
स्टीलच्या पेल्यांत,
कारण समोरच्या गॅलरीत जिग्नेशभाई कपडे वाळत घालत होते.
मध्ये लिला चिवडा. वर पंखा.
पेल्यात दोन्हींचा रंग एकच, म्हणजे स्टीलचा.

मला कोणी विचारलं नाही.
मी ओट्याशी उभी राहून आधी उरलेल्या कॅनमधून,
मग बाटलीच्या तळातून एकेक घोट घेतला, डोळे मिटून.
एक जास्त गार होता.
दुसऱ्याला काच ओठांवर गोल लागली, ओळखीची,
लहानपणी बाबा नाकारलेल्या बाटल्या आणत
आणि मी त्यांत पाणी पीत असे.
कडू दोन्ही तितकेच.
आईने पाहिलं. काही म्हणाली नाही. वेलदोडा दिला.

बाहेर आले तर बाबांनी रिकामी बाटली
ट्यूबलाइटकडे धरलेली.
हळूहळू फिरवत होते, एक डोळा बारीक.
मग पालथी करून तळावरचा ठसा अंगठ्याने वाचला.
"आपलीच," म्हणाले. "सात नंबरचा साचा."
जसं काही पावसात बाहेर अडकलेलं पोर घरी आलं.

उपेंद्रने कॅन चेपून पापडाएवढा केला,
"हे बघा, खिशात मावतो. तुमचं ते शेजारीपाजारी वाजत जाईल."
बाबा हसले. हे मात्र पटलं त्यांना.

मग दुसरा कॅन त्यांनी उचलला, न चेपलेला,
आणि त्या छोट्या भोकाला डोळा लावला.
बराच वेळ.
"आत काही दिसत नाही रे.
हे तपासतं कोण?"
"मशीन," उपेंद्र म्हणाला.

बाबांनी कॅन खाली ठेवला,
जमिनीला अंगठा टेकवून हिंचका थोडा ढकलला.
कडी कुरकुरली.
त्यांनी मान वर करून कडीकडे पाहिलं,
नीट, दोन्ही टोकांना.