रकाना

रजिस्टरात एक रकाना आहे, अर्ध्या इंचाचा,
नाव, वय, गाव यांच्यानंतर
आणि तक्रारीच्या आधी.
एकोणीस वर्षं बायकांच्या नावापुढे
मी त्यात एकच शब्द लिहिला: गृहिणी.
पुढे पुढे नुसताच 'गृ'.
ओपीडीला दीडशे माणसं, बाकांवर, जिन्यात,
व्हरांड्यात भाकरी सोडून बसलेली.
अक्षरं वाचली की माणूस लवकर सुटतो
असा माझा हिशेब.

हुपरीहून राजाक्का मगदूम यायच्या
सुनेच्या खांद्यावर हात टाकून, एसटीनं.
विचारलं, काम काय करता?
'काम कुठलं ओ डाक्टर, घरातच असतो.'
तिकडच्या बायका असंच बोलतात,
असतो, जातो, येतो.
मी मान डोलावली. गृ.
छाती ऐकली:
उसाच्या वाळल्या पाल्यावरून
कुणी चालत गेल्यासारखा आवाज.
यंत्राची नळी तोंडात दिली, म्हटलं, फुंका.
जोरात. अजून. अजून.
त्या हसल्या, खोकल्या, परत हसल्या.
'फुंकायचंच काम केलंय की जलमभर.'
मलाही हसू आलं.
बाहेर रांग होती. मी दमा लिहिला.

परवा ताराबाई पार्कात बैठक झाली.
योजनेत कुठला आजार घ्यायचा, कुठला गाळायचा,
त्या समितीवर मी तज्ज्ञ सदस्य.
पडद्यावर तक्ता आला.
घरबसल्या चांदीकाम करणाऱ्यांत
झाळेच्या धुरानं झालेला फुफ्फुसाचा आजार: शून्य.
सचिव म्हणाले, शून्यासाठी पैसे कसे मागायचे?
प्रश्न रास्त होता.
तक्त्याखाली बारीक अक्षरात आधार दिला होता:
आमच्या विभागाची रजिस्टरं.

म्हणजे मी ज्याला एकोणीस वर्षं घाई म्हणत होतो
त्याला इथं पुरावा म्हणत होते.

मी म्हणालो, हा आकडा माझा आहे
आणि तो खोटा आहे.
शेजारून शिरगुप्पेंनी, माझ्याच बॅचचे,
टेबलाखाली माझा गुडघा दाबला.
मार्चमध्ये निवृत्ती आहे माझी, त्यांना ठाऊक.
मी गुडघा बाजूला घेतला, तेवढंच.
आवाज कापत होता. चहा आला,
सगळ्यांना बरं वाटलं.
इतिवृत्तात ओळ आली:
'एका सदस्याने नोंदींबाबत शंका व्यक्त केली.'
मी पत्र पाठवलं, शंका नव्हे, कबुली.
उत्तर अजून नाही.

रविवारी हुपरीला गेलो.
राजाक्कांचं कार्ड दोन दिवाळ्या कोरं आहे
ते का, हे दारातच कळलं.
त्यांच्या पाटावर सून बसलेली,
चिमटा, दिवा, ओठांत फुंकणी,
मांडीजवळ पैंजणांचा ढीग,
खिडकी बंद, वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून.
मी माफी मागितली नाही.
मागितली असती तर तिलाच
मला धीर द्यावा लागला असता.
विचारलं, एका पैंजणाला कड्या किती?
'शंभरावर.'
आणि कडीला फुंकरा?
'मोजतंय कोण? लागतील तेवढ्या.'
कार्डावर काम काय लिहिलंय म्हणून पाहिलं.
अक्षर माझंच होतं.

आता मी वेगळं विचारतो:
दिवसभर हात कशात असतात?
कुणी काजूची टरफलं सांगतं, कुणी बिडी,
कुणी आधी नवऱ्याकडे बघतं.
उत्तर रकान्यात मावत नाही,
मी समासात लिहितो, आडवं, मग उभं.
लिपिक काशीद कुरकुरतात,
साहेब, संगणकात समास नसतो.
मग करून घ्या, म्हणतो मी, आणि पुढचं नाव पुकारतो.
दुपारी दोनला मोजलं तर
दीडशेपैकी बासष्ट झालेले.
बाकीचे उन्हात स्टँडकडे निघालेले,
गारगोटी, राधानगरी, गगनबावडा,
न तपासता.
हेही माझ्याच नावावर,
आणि याचा रकाना
मला अजून सापडलेला नाही.