चार मिनिटं मागे

नंदुरबारला डिसेंबरात आमच्या देवळात
आधी ठसका लागतो, मग प्रार्थना होते.
गावाबाहेरच्या पथाऱ्यांवरून
वाळत्या मिरचीचा वारा
फुटक्या तावदानातून आत शिरतो
आणि पाळकसाहेब ‘हे सर्वसमर्था’ म्हणता म्हणता
रुमाल शोधतात.

आज एकतीस तारीख.
नाताळचा तारा अजून दारावर आहे,
पतंगाच्या कागदाचा, एक टोक उंदराने खाल्लेलं,
आतला बल्ब मनात आलं तर लागतो.
तिसऱ्या बाकाच्या कडेला सुलभाबाई नर्स बसायच्या,
अर्ध्या वस्तीची नाळ त्यांनी कापली.
त्यांच्या जागेवर कुणीतरी स्वेटर ठेवलाय.
थंडी तर आहे, पण घालत कुणी नाही.

दोरीपाशी मी.

चाळीस वर्षं ही दोरी रतिलालकाका गावितांची.
मनगटावर एचएमटी, चावीचं,
कायम चार मिनिटं मागे.
त्यामुळे आमच्या गल्लीत नवं वर्ष
जगाच्या मागून यायचं.
बाहेर फटाके, स्टेशनात मालगाडीची लांब शिटी,
आम्ही आत गुडघ्यांवर,
अजून जुन्याच वर्षात.
पोरं चुळबुळायची, ‘काका, वाजले ना!’
काका मनगट कानाला लावून म्हणायचे,
‘घाई काय शे? देव काय पळी राहिना का?’

त्या चार मिनिटांत आई
वर्षभरात गेलेल्यांची नावं पुटपुटायची,
त्यात एकदा आमची म्हैसही होती.
आणि एका वर्षी बाबा मधूनच उठले,
पलीकडच्या बाकावर थोरल्या भावाशेजारी जाऊन बसले.
नऊ वर्षांचा अबोला.
बोलले काहीच नाहीत.
ताडपत्रीसारखी एकच शाल दोघांनी ओढून घेतली.
बांधाचा वाद नंतरही राहिला,
पण पोळ्याला ताट यायला लागलं.

जूनमध्ये काका गेले.
इम्मानुएलने घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं,
‘ताई, दुरुस्त करून घ्या, पाच मिनिटांचं काम.’
मंगळबाजारात दुकानदाराने पाठ उघडली,
भिंगातून बघितलं, फुंकर मारली.
मी म्हटलं, ‘राहू द्या. बंद करा.’
त्याने पैसेही घेतले नाहीत.
बाई वेडी आहे, असं त्याला वाटलं असणार.

आता खिशाखिशांत फोन थरथरताहेत.
सुरतहून माझ्या मुलाचा, कुणाचा दोह्याहून.
बाहेर आकाश फुटतंय.
सुवार्ता, मांडीवर ऑक्टोबरमधलं बाळ,
हळूच म्हणते, ‘मावशी, वाजले.’
मनगटावर अकरा छप्पन्न.

शुक्रवार आणि रविवार यांच्यामध्ये
एक शनिवार आहे.
त्याबद्दल शास्त्रात फार लिहिलेलं नाही.
सुगंधी द्रव्यं तयार करून
बायका थांबल्या, एवढंच.
कसल्या थांबल्या असतील त्या?
रात्रभर जात्यापाशी बसल्या असतील,
एकमेकींना विचारत असतील,
धोंड कोण लोटणार?
उत्तर कुणाकडेच नसेल.
तरी पहाटे निघाल्या.

स्वेटरच्या खिशात संध्याकाळी
पथारीवरून उचललेली मिरची आहे,
वाळून काळपट, हाडं दिसावीत तशी.
बोटांनी हलवली
तर आत बी खुळखुळतं.
ओली असताना वाजत नव्हती.

अकरा एकोणसाठ.
कुणी उठून गेलेलं नाही.
इम्मानुएलही नाही, तो तर
भिंतीकडे तोंड करून उभा आहे.
काय मागावं, सुचत नाही.
गुडघे साथ देवोत. सुरतची गाडी वेळेवर येवो.
सुलभाबाई, काका, तुम्ही जिथे आहात
तिथे ठसका लागत नसेल.
आम्हीही येऊ,
चार मिनिटं मागून.

दोरी धरली,
आणि सुवार्ताचं बाळ शिंकलं,
एवढुशा नाकाने एवढी मोठी शिंक,
पहिली मिरची त्याच्या आयुष्यातली.
अख्खं देऊळ हसलं,
पाळकसाहेब रुमालात हसले,
इम्मानुएलने वळून बघितलं.

हसता हसता टोल मोजायचे राहिले.
बारा झाले असतील, किंवा तेरा.
तळहात भाजतोय.
घंटा अजून थोडी हलते आहे.