ओळ दोनशे बारा

रात्रीचे पावणेबारा. विश्रामबाग,
खाली फाटक पडल्याची घंटा वाजून थांबलेली.
दोन पॅकेजं, फाईल एकच.
प्रश्न सातवा : बाईचे रोजचे कामाचे तास, तालुका जत.
एक म्हणतं नऊ.
दुसरं म्हणतं सात पूर्णांक दोन.

फरक एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा.
तेवढ्यात सहा माणसांच्या भाकरी थापून होतात,
आणि चूल सारवून वर थोडा वेळ उरतो.

आधी संशय स्वतःवर, नेहमीसारखा.
मग मागच्या ऑपरेटरवर :
त्यानं एकदा ‘माहीत नाही’साठी ९९ ठोकलं होतं
आणि एका वाडीत सतरा बाया
नव्व्याण्णव वर्षांच्या निघाल्या होत्या,
त्यातल्या चौघी बाळंतीण.
तो तक्ता सहीनिशी वर गेला होता.

या वेळी नव्व्याण्णव नाही.
नुसती मोकळी जागा. एकतीस ओळींत.

मार्केट यार्डात हळदीचा काटा बघणारे सनदीमामा
माझ्या शेजारी राहतात.
सकाळी सांगितलं तर पान लावता लावता म्हणतील,
‘पोतं काट्यावर चढलंच न्हाई,
आन् वहीत मातर मोजणीला धरलंय व्हय?
मग सरासरी उतरणारच की.’

तेच झालंय.
रेषेच्या वर गैरहजर, रेषेच्या खाली हजर.
बेरजेत तिचे तास नाहीत,
भागायला मात्र तिचं वजन घेतलंय,
आणि पॅकेजनं एका शब्दानं सांगितलं नाही.

ओळ दोनशे बारा.
तायव्वा बिराजदार, वय बेचाळीस, वजन सहाशे अठरा.
म्हणजे तिच्या पाठीशी सहाशे सतरा जणी
ज्यांच्या दारापर्यंत आमची जीप गेलीच नाही.
ती गप्प बसली की त्या सगळ्या गप्प.

खालूनही काढून टाकावी तिला?
मग उत्तर स्वच्छ : नऊ.
पण त्यात मी गुपचूप मानून चालतो
की न बोललेल्यांचा दिवस बोललेल्यांसारखाच असतो.
किंवा शेजारच्या ओळीतून आकडा उसना आणावा,
वाटीभर विरजण आणावं तसा.
लागतंही दही. पण चव त्यांच्या घरची.

सकाळी रुक्सानाला फोन लावला. फॉर्म तिनंच भरलेला.
‘विचारलं होतं की, सर.
ती म्हणाली, कंचं काम धरू? पैशाचं?
का दीराच्या रानातलं? का घरचं?
का रात्री सासूला उठवून बसवायचं ते?
म्हटलं, सगळंच धरा.
मग बोटाच्या पेरांवर मोजाय लागली. अंगठा फिरतोय, फिरतोय,
मधेच परत पहिल्यापासून.
तेवढ्यात टँकर आला. घागरी घेऊन पळालीच.
शून्य लिहू का म्हणून मागनं ओरडले,
तर वळून हसली.
म्हणून कायच लिहिलं न्हाई.’

कायच लिहिलं नाही.
साडेतीन वर्षं मी या चौकोनांना
माहितीचा अभाव म्हणत आलो.

भागाकार दुरुस्त केला. सात पूर्णांक दोन खोडलं.
नऊ लिहिलं, आणि त्याच्याखाली
त्याच आकाराच्या अक्षरांत :
उत्तर नाही, ओळी ३१, वजन ९,८०४.
एकूण ४९,०२०.
साहेब म्हणाले, खालची ओळ काढा, बरं दिसत नाही,
पाचातला एक गेला म्हणतील लोक.
म्हटलं, गेलेला नाही.

ते चष्मा पुसत बसले.
मी परत जागेवर आलो, फाईल उघडली.
दोनशे बाराव्या ओळीत, सातव्या रकान्यात
कर्सर लुकलुकतोय,
आणि मला दिसतोय फक्त एक अंगठा,
अनामिकेच्या मधल्या पेरावर टेकलेला,
टँकरचा हॉर्न ऐकून तिथंच थांबलेला.