सहावा पेपर

सोमवारी मौर्य, मंगळवारी फ्रेंच राज्यक्रांती,
बुधवारी मोडी.
हिरेमठ मॅडम घरी कन्नड बोलतात,
पण माझ्याहून भरभर वाचतात
कुणा देसायाचं सव्वा रुपयाचं भांडण.

शनिवारी हलशीला, डबे घेऊन.
शिलालेखावर ओला कागद थापताना
निंगाप्पा म्हणाला, हे तुमचं की आमचं?
मी म्हटलं, आधी ब्रश दे.
अक्षरं उमटली
ती दोघांनाही वाचता येईनात.

अभ्यासक्रम सत्तेचाळीसला संपतो.
आमच्याकडे जेवताना बोलणं
छप्पन्नपासून सुरू होतं.
मधली नऊ वर्षं आबांना विचारली
मौखिक इतिहासाच्या पेपरसाठी, टेप चालू ठेवून.
बराच वेळ नुसता पंखा रेकॉर्ड झाला.
मग म्हणाले,
तेव्हा मी खानापूरच्या भट्टीवर
कौलं मोजत होतो.
फुटलेली वेगळी.